शरदाचा ताप: आपल्या घरांनी तो कसा सोसला

घटस्थापना झाली की माझ्या दवाखान्यातला बाक भरतो. पाऊस ओसरलेला असतो, दुपारी ऊन चटके देतं, पहाटे पांघरूण लागतं आणि घरटी एकजण कण्हत असतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "डॉक्टर, पावसाळ्यात काही झालं नाही आणि आता आभाळ मोकळं झाल्यावर ताप कसा?" प्रश्न बरोबर आहे आणि फार जुना आहे. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, अशी थट्टा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. गंमत अशी की आपण एकमेकांना आयुष्य चिंततो तेही शंभर शरदांचं. आलेला शरद पार पडला म्हणजे वर्ष हाती लागलं, असा त्यामागे काही हिशोब होता की काय, असं मला कधी कधी वाटतं. ही माझी कल्पना आहे, पुरावा म्हणून घेऊ नका.

आज औषधांऐवजी या तापाच्या इतिहासाबद्दल लिहितो आहे, कारण तो आमच्या घरातून गेला आहे.

माझं आजोळ कर्जत तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. आजीचं पहिलं मूल, म्हणजे माझा सर्वांत मोठा मामा, तीन वर्षांचा असताना आश्विनात गेला. हळवं भात कापणीला आलेलं होतं. भात तयार झाल्यावर थांबता येत नाही. दाणा झडतो, आणि परतीचा पाऊस आला तर उभं पीक आडवं होतं. मुलाला थंडी वाजून ताप आला, तो रात्रीतून घाम येऊन उतरला. दुसऱ्या दिवशी मूल उठून अंगणात खेळलं. आजी विळा घेऊन शेतावर गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी, पुन्हा ताप. चौथ्या दिवशी पुन्हा बरं. ती पुन्हा कापणीला गेली. पाचव्या दिवशी मुलाला झटके आले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. आजी ऐंशी वर्षांची झाली तरी म्हणायची, "मधल्या दिवशी तो हसत होता रे."

मी एम.डी. करताना मलेरियाचं जीवनचक्र पाठ केलं तेव्हा या वाक्याचा अर्थ कळला. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशींत वाढतात आणि ठरावीक वेळाने सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात. काही जातींत हे दर ४८ तासांनी होतं, एका जातीत ७२ तासांनी. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी आणि ताप. मधल्या काळात माणूस बरा दिसतो, पण जंतू आत वाढतच असतात. आपल्या लोकांना ही पाळी सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी ठाऊक होती. 'पाळीचा ताप', 'एकांतरा' ही नावं त्यातूनच आली, आणि 'हिवताप' हे नाव अंगात भरणाऱ्या हिवावरून. पोटात डाव्या बरगडीखाली गोळा लागला तर पानथरी वाढली म्हणायचे. काडेचिराईत, गुळवेल यांचा काढा घरोघरी उकळायचा. निरीक्षण पक्कं होतं, पण कारण हाती लागलेलं नव्हतं.

आता शरदच का? धो-धो पावसात ओढे भरून वाहतात आणि डासांच्या अळ्या वाहून जातात. पाऊस थांबला की तेच ओढे संथ आणि निवळशंख होतात. शेताच्या बांधाला, पाटांत, खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. सह्याद्रीच्या पायथ्याला ॲनॉफिलीस फ्लुव्हिॲटिलिस हा डास नेमका अशाच वाहत्या पण संथ, स्वच्छ पाण्यात वाढतो. हवा दमट, ऊब बेताची. अशा हवेत डास जास्त दिवस जगतो, आणि त्याच्या पोटातल्या जंतूंना वाढायला लागणारे दहा-बारा दिवस मिळतात. त्यात माणसं खळ्यावर राखणीला उघड्यावर झोपायची. हा डास रात्रीच चावतो. इटलीतल्या डॉक्टरांनाही हेच दिसलं होतं. मार्चियाफावा आणि बिन्यामी यांनी सर्वांत घातक मलेरियाला उन्हाळा-शरदाचा ताप असंच नाव दिलं, आणि जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो 'एस्टिव्हो-ऑटमनल' म्हणून बरीच वर्षं टिकला. आज आपण त्याला फॅल्सिपेरम म्हणतो. त्यात पाळी बऱ्याचदा इतकी स्वच्छ नसते, पण मेंदूपर्यंत जाणारा मुख्यतः हाच. मामाचं रक्त कोणी तपासलं नव्हतं; झटक्यांवरून मला तोच वाटतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्या डासांना स्वतःला चावू दिलं होतं, डासामागे एक आणा घेऊन. पुढे नोबेल रॉसना मिळालं. मला मात्र दरवेळी हुसेन खानच आठवतो.

औषध त्याआधीपासून होतं: सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सरकारने त्याचे मळे केले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीत एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. कल्पना मोठी सुंदर होती, जिथे पत्र पोचतं तिथे औषध पोचेल. पण क्विनीन भयंकर कडू, कानात घणघण व्हायची, आणि ताप उतरला की लोक घेणं सोडायचे. यातलं शेवटचं वाक्य मी माझ्या कालच्या केसपेपरवरही लिहू शकलो असतो.

शहराची गोष्ट निराळी, आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. मुंबईत विहारचं पाणी १८६० मध्ये आलं, तानसाचं १८९२ मध्ये. तरी वाड्यावाड्यांतल्या विहिरी राहिल्याच. नळ कधी येईल, किती वेळ येईल याचा भरवसा नव्हता, आणि विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिथे पूजा होती, दिवा होता, घरातल्या बायकांच्या गप्पा होत्या. १९०८ च्या सुमारास गोदीच्या बांधकामांच्या दिवसांत शहरात मलेरिया उसळला. डॉ. बेंटली यांनी पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी मुलांच्या पानथऱ्या चाचपल्या, विहिरींत अळ्या शोधल्या आणि निष्कर्ष काढला: शहरातला गुन्हेगार ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याचं माहेर घरातली विहीर. दलदल नव्हे, गटारही नव्हे, तर तुमचं-आमचं स्वच्छ पाणी.

मग विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असे हुकूम निघू लागले. लोक चिडले, आणि ते मला समजू शकतं. पारशी कुटुंबांना धर्मकृत्याला विहिरीचंच पाणी हवं होतं. अनेक हिंदू आणि जैन घरांचीही तीच अडचण होती. शेवटी तोडगा निघाला: विहीर झाकायची, पण वर बारीक तारेच्या जाळीचं झडप ठेवायचं. पोहरा जाईल, उजेड जाईल, डास जाणार नाही. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे फार शहाणपणाचं झडप आहे. अर्थात ते उघडं टाकून माणसं निघून जायची, हेही खरंच. १९२८ मध्ये कॉव्हेल यांनी पुन्हा मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला. म्हणजे बेंटलींचं काम अर्धंच राहिलं होतं.

गावांपर्यंत खरा फरक पोचला तो डीडीटीने. १९४५-४६ मध्ये मुंबई प्रांतातल्या कारवार आणि धारवाड भागांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंती फवारून पाहिल्या गेल्या. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर बसतो. तिथेच त्याला गाठायचं. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. माझी आई सांगते, फवारणीवाले आले की भांडी, धान्य, देव सगळं अंगणात काढावं लागे. सोवळ्यातली आजी कटकट करायची, पण एका भिंतीलाही नाही म्हणाली नाही.

आणि इथेच शरदाने पुन्हा दगा दिला. दसरा-दिवाळी आली की घर सारवायचं, भिंती लिंपायच्या, चुना द्यायचा. फवारलेलं औषध शेणामातीच्या थराखाली जायचं. डास त्या कोऱ्या भिंतीवर निवांत बसायचा. यात कोणाचा दोष? सण लख्ख घरात करायचा ही रीत वाईट नाही. पण फवारणी कधी आणि सारवण कधी, हे घरातल्या बाईशी बसून बोलायला हवं होतं. त्यात डीडीटीला डास सरावले, पाहणी ढिली पडली, पैसा आटला. १९७६ मध्ये देशातले रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

आज माझ्याकडे मलेरिया कमी आणि डेंग्यू जास्त येतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि त्याचं माहेर म्हणजे ड्रम, कूलर, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी. पाण्याचा भरवसा नाही म्हणून साठवतो आपण, तेव्हाच्या विहिरीसारखंच. मधला फसवा दिवस डेंग्यूतही आहे, आणि तो जास्त धोकादायक आहे: ताप उतरतो त्याच सुमाराच्या दिवस-दोन दिवसांत रक्तदाब घसरणं, रक्तस्राव होणं हे प्रकार सुरू होऊ शकतात. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर ताप नसला तरी लगेच रुग्णालय गाठायचं. मलेरियाची तपासणी एकदा निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा करायची. आणि डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःहून घ्यायचं नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. बंगल्यांवर धुणीभांडी करतात. दिवाळीच्या साफसफाईची जादा कामं धरली होती. म्हणाल्या, "काल ताप नव्हता डॉक्टर, खेळत होता, म्हणून मी कामावर गेले." मी मुलाचं पोट तपासलं, रक्त पाठवलं, आणि त्यांना सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही. रिपोर्ट संध्याकाळी आला. व्हायवॅक्स मलेरिया होता, वेळेत सापडलेला. मूल बरं आहे. त्या रात्री मी आईला फोन केला आणि मामाचं नाव काय होतं ते विचारलं. ते मला कधी माहीतच नव्हतं.