पंचनाम्याचे गद्य: सायकलशर्यत, उत्तेजके आणि पोलीस

जगातील सर्वांत प्रसिद्ध सायकलशर्यत एका वर्तमानपत्राने जन्माला घातली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पॅरिसच्या 'लोतो' या क्रीडादैनिकाने खप वाढवण्यासाठी १९०३ साली 'टूर द फ्रान्स' सुरू केली. संपादक आंरी देग्रांज हेच शर्यतीचे संचालकही होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला शर्यत दिसे ती मिनिटभर; मागचे-पुढचे सारे त्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकातून कळे. म्हणजे ही शर्यत पाहण्याइतकीच वाचण्याचीही होती. डोंगर, वादळ, एकाकी वीर, पतन आणि पुनरागमन अशी वीरकाव्याची सारी सामग्री वार्ताहरांच्या गद्यात आली, आणि वाचकांच्या मनात सायकलपटू हा महाकाव्याचा नायक होऊन बसला.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. सायकलशर्यतीच्या तांत्रिक अंगात आम्हांला गती आहे असा आमचा दावा नाही. परंतु या खेळातील उत्तेजकसेवनाचा इतिहास वाचताना एक गोष्ट आम्हांला वारंवार जाणवली. वीरकाव्याच्या गद्याने जे जवळजवळ शतकभर झाकून ठेवले, ते अखेर पोलिसांच्या रूक्ष गद्यातून, म्हणजे झडती, मुद्देमाल, जबानी आणि पंचनामा यांतून बाहेर आले. हे कसे घडले, आणि या दुसऱ्या गद्यालाही कोणत्या मर्यादा पडल्या, हे येथे पाहावयाचे आहे.

सत्य कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. १९२४ च्या शर्यतीत आंरी आणि फ्रान्सिस हे पेलिसिए बंधू कुतांस या गावी शर्यत सोडून बसले. अल्बेर लोंद्र हा नामांकित पत्रकार त्यांना तेथे गाठून बोलता झाला. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्यांच्या डब्या, असा आपल्या पिशव्यांतील ऐवज त्यांनी त्याच्यापुढे मांडला. लोंद्रने ते छापले. त्याचा वृत्तांत पत्रकारितेच्या इतिहासात अजरामर झाला; खेळात मात्र काही बदलले नाही. वाचकांनी तो नायकाच्या यातनांचा आणखी एक अध्याय म्हणून वाचला असावा, असे आम्हांला वाटते.

पुढे राज्यसंस्थेने लक्ष घातले. फ्रान्सने १९६५ साली उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या शर्यतीत बोर्दो येथे प्रथमच खेळाडूंच्या लघवीचे नमुने घेण्यात आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी सायकलवरून उतरून, पायी चालत निषेध नोंदवला. त्यानंतरच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, टॉम सिम्पसन हा इंग्लिश खेळाडू मों व्हांतू या उघड्याबोडक्या डोंगरावर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आढळले. तेव्हापासून खेळाचा भरवसा प्रयोगशाळेवर राहिला. परंतु प्रयोगशाळा शरीराला ठरावीकच प्रश्न विचारू शकते. १९९० च्या दशकात रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोइटिन, म्हणजे 'ईपीओ', सर्रास वापरात आले. ते ओळखण्याची चाचणी मात्र २००० सालापर्यंत उपलब्ध नव्हती. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९७ पासून एवढेच ठरवले की, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेलेल्या खेळाडूने दोन आठवडे शर्यतीबाहेर राहावे. यास शिक्षा न म्हणता आरोग्याची काळजी म्हटले गेले. मर्यादा आखून दिली की तिच्या काठापर्यंत जाण्याची वाटही आखली जाते, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

अशा वेळी, ८ जुलै १९९८ च्या पहाटे, फ्रान्स आणि बेल्जियम यांच्या सरहद्दीवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक मोटार अडवली. चालक होता विली वूत, 'फेस्तिना' संघाचा सेवक. सायकलसंघात अशा माणसाला फ्रेंचमध्ये 'स्वान्यर' म्हणतात. मालिश करणे, खाण्याचे डबे भरणे, कपडे धुणे, बाटल्या पोहोचवणे ही त्याची कामे. संघातील सर्वांत खालचा आणि सर्वांत विश्वासाचा माणूस तो. मोटारीत ईपीओ, वृद्धिसंप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, ॲम्फेटामाइन अशा चारशेहून अधिक कुप्या व गोळ्यांचा साठा सापडला. शर्यत तीन दिवसांनी डब्लिनला सुरू व्हायची होती आणि वूत तिकडेच निघाला होता.

वूत प्रथम म्हणाला की हे सारे आपल्या स्वतःसाठी आहे. ते कोणालाच पटण्यासारखे नव्हते. कोठडीत काही दिवस गेल्यावर त्याने खरे सांगितले. त्यापाठोपाठ संघाचे संचालक ब्रुनो रुसेल आणि संघाचे डॉक्टर यांना अटक झाली. रुसेल यांनी मान्य केले की, संघात उत्तेजकांचा वापर व्यवस्थितपणे, डॉक्टरच्या देखरेखीखाली होत होता आणि त्यासाठी खेळाडूंच्या पैशातून एक सामाईक निधीही उभारलेला होता. खेळाडूंनी चोरून काहीबाही टोचून घेऊन जीव धोक्यात घालण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १७ जुलै रोजी फेस्तिना संघाला शर्यतीतून काढण्यात आले.

येथे फरक लक्षात घेण्याजोगा आहे. प्रयोगशाळेने एखादा खेळाडू दोषी ठरवला की खेळ म्हणतो, 'एक नासका आंबा निघाला.' पोलिसांच्या हाती मात्र मोटार, साठा, हिशेब आणि माणसामाणसांतील संबंध आले, आणि त्यातून आढीच दिसली. कोणी विकत घेतले, कोणी वाहून आणले, कोणी टोचले, पैसे कोणी दिले, हे पंचनाम्याचे प्रश्न आहेत. वीरकाव्यात त्यांना जागाच नसते.

पुढचे सुमारे दोन आठवडे शर्यत आणि तपास एकाच रस्त्याने चालले. हॉटेलांत झडत्या झाल्या, खेळाडूंना कोठडीत रात्र काढावी लागली, कपडे उतरवून त्यांची तपासणी झाली. २४ जुलै रोजी सायकलपटू रस्त्यावर बसले. २९ जुलै रोजी त्यांनी पाठीवरचे क्रमांक उपटून टाकले आणि तो टप्पा रद्द झाला. स्पेनचे संघ निघून गेले. १८९ जण निघाले होते. पॅरिसला पोहोचले ९६. आपल्याला गुन्हेगारासारखे वागवले जाते, ही त्यांची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. पोलिसी चौकशीत माणसाचा अपमान होतो, हे नाकारून तिचे गुणगान करणे आम्हांला मान्य नाही. परंतु हेही खरे की, रस्त्यावर बसलेल्यांपैकी कोणीही त्या दिवशी 'आमच्यावरचे आरोप खोटे आहेत' हे सिद्ध करण्यासाठी बसले नव्हते. ते एकत्र गप्प राहण्याच्या हक्कासाठी बसले होते.

हा मौनभंग दोन वर्षांनी लील येथील न्यायालयात झाला. संघाचा नायक रिशार विरांक, डोंगरी टप्प्यांचा राजा आणि फ्रेंच जनतेचा लाडका, इतकी वर्षे सारे नाकारत आला होता. त्याच्या नाकारण्याची कळसूत्री बाहुल्यांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने अशी थट्टा केली की, 'माझ्या पूर्ण इच्छेने, पण माझ्या नकळत' अशा अर्थाचा एक व्याघाती वाक्प्रयोग फ्रेंच भाषेत कायमचा रुजला. गुन्हेगाराच्या व्याकरणाचा इतका नेमका नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही. २४ ऑक्टोबर २००० रोजी न्यायाधीशांनी सरळ प्रश्न विचारला आणि विरांकने अखेर होकार दिला.

निकाल डिसेंबर २००० मध्ये लागला. वूतला दहा महिन्यांची स्थगित कैद आणि दंड, रुसेल यांना एक वर्षाची स्थगित कैद आणि दंड, विरांक निर्दोष. यात न्यायालयाची चूक नव्हती. १९८९ च्या फ्रेंच कायद्यात उत्तेजक पुरवणे व देणे हा गुन्हा होता. स्वतः घेणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. विरांकला खेळाने काही महिने बाहेर ठेवले. तो परतला आणि डोंगरी टप्प्यांच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने २००४ पर्यंत एकूण सात वेळा मिळवला. वूतची कारकीर्द संपली. ज्याने डबा वाहिला तो दोषी आणि ज्याने खाल्ले तो मोकळा, हा न्याय कायद्याच्या भाषेत अचूक आहे. मनाला मात्र तो पटत नाही.

कायद्याच्या व्याख्येने सत्याची वाट कशी अडते, याचे दुसरे उदाहरण स्पेनचे आहे. २३ मे २००६ रोजी स्पेनच्या 'ग्वार्दिया सिव्हिल' या पोलीसदलाने माद्रिदमध्ये एउफेमियानो फुएन्तेस या डॉक्टरला अटक केली. त्याच्याशी संबंधित घरांतून गोठवलेल्या आणि साठवलेल्या रक्ताच्या सुमारे दोनशे पिशव्या मिळाल्या. खेळाडूचे रक्त आधी काढून ठेवायचे आणि शर्यतीच्या वेळी त्यालाच परत द्यायचे, अशी ही पद्धत. पिशव्यांवर खरी नावे नव्हती. एकीवर 'बिरिल्यो' होते. ते इटलीच्या इव्हान बास्सोच्या कुत्र्याचे नाव निघाले. दुसरीवर 'पिती', तो आलेखांद्रो व्हाल्व्हेर्देचा कुत्रा. बास्सो आणि जर्मनीचा यान उलरिश यांना त्या वर्षीच्या टूरपूर्वी वगळण्यात आले. पुढे बास्सोने कबूल केले ते एवढेच की, आपला उत्तेजक घेण्याचा इरादा होता. प्रत्यक्ष घेतले नाही.

अटकेच्या वेळी स्पेनमध्ये उत्तेजकांविरुद्ध फौजदारी कायदाच नव्हता. तो नोव्हेंबर २००६ मध्ये झाला. त्यामुळे फुएन्तेसवर आरोप ठेवला गेला तो सार्वजनिक आरोग्याविरुद्धच्या गुन्ह्याचा. २०१३ साली खटला उभा राहिला. फुटबॉल, टेनिस अशा अन्य खेळांतील माणसेही आपल्याकडे येत, असे फुएन्तेसने न्यायालयात सांगितले. ती नावे सांगण्याची सक्ती न्यायाधीशांनी केली नाही, कारण खटल्याचा तो प्रश्नच नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये त्याला एक वर्षाची स्थगित कैद झाली आणि पिशव्या नष्ट करण्याचा आदेश निघाला. जून २०१६ मध्ये अपिलात तो सुटला. कारण असे की, कायद्याच्या अर्थाने रक्त हे औषध नव्हे. पिशव्या क्रीडासंस्थांच्या स्वाधीन करण्याचा आदेश मात्र याच निकालात आला. पण तोवर क्रीडानियमांतील कारवाईची मुदत उलटली होती. बहुतेक पिशव्यांची नावे जाहीर झालीच नाहीत.

'औषध' या एका शब्दाच्या अर्थावर दहा वर्षांचा तपास अडला. शब्दार्थ हा केवळ परीक्षेचा विषय आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आम्ही आवर्जून सांगू इच्छितो.

कायदा बदलला की निकालही बदलतो. जर्मनीने २०१५ साली उत्तेजकविरोधी फौजदारी कायदा केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रियात, जागतिक स्कीइंग स्पर्धेच्या वेळी, पोलिसांनी एकाच दिवशी छापे घातले. त्यातून एर्फुर्टच्या एका डॉक्टरचे रक्तसंक्रमणाचे जाळे उघड झाले. त्याच्या ग्राहकांत सायकलपटूही होते. जानेवारी २०२१ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने त्या डॉक्टरला चार वर्षे दहा महिन्यांची कैद सुनावली.

१९९८ च्या शर्यतीचे उत्तरकांडही येथेच नोंदवले पाहिजे. फेस्तिना गेल्यावर उरलेली शर्यत इटलीच्या मार्को पान्तानीने जिंकली, आणि वार्ताहरांनी लिहिले की या एका माणसाने शर्यतीची अब्रू राखली. पान्तानी २००४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, एका हॉटेलच्या खोलीत एकटाच मरण पावला. २०१३ साली फ्रेंच सेनेटच्या समितीने त्या शर्यतीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीचे निष्कर्ष छापले. पहिल्या आलेल्या पान्तानीच्या आणि दुसऱ्या आलेल्या उलरिशच्या नमुन्यांत ईपीओ होते. सरहद्दीवर त्या पहाटे एकच मोटार अडवली गेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पंचनामा हा साहित्यप्रकार नव्हे आणि पोलीस इतिहासकार नव्हेत. पंचनामा कायद्याने विचारले तेवढेच सांगतो आणि सापडलेल्याचीच नोंद करतो. राहिलेले सांगणे हे इतिहासलेखनाचे काम आहे. १९२४ साली लोंद्रच्या वाचकांनी तो पिशव्यांतील ऐवज पाहून हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशीचा निकाल वाचण्यासाठी पान उलटले. आम्हीही तसेच वाचक आहोत काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.