पाणचक्की : पाण्याच्या बळावर फिरणारे जाते

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीकाठी, औरंगजेबाच्या काळातील सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही ऐतिहासिक वास्तू आहे. शहराबाहेरील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून, म्हणजे नहरीतून, येथवर आणले गेले. मनोऱ्यात दाबाने वर चढलेले हे पाणी उंचावरून खाली पडे. त्याच्या बळाने लोखंडी पात्यांचे चाक फिरे आणि त्याला जोडलेला जात्याचा वरचा दगड धान्य दळी. हे पीठ दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंच्या अन्नासाठी उपयोगी पडे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्याने तेथे उन्हाळ्यातही गारवा राहतो.

पडत्या पाण्याने चाक फिरवण्याचे हेच तत्त्व रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राने १९१५ मध्ये वीजनिर्मितीसाठी वापरले.

पाणचक्की जपायची तर केवळ हौद व जाते राखून भागणार नाही. वाढत्या वस्तीत जमिनीखालची नहर फुटली वा बुजली, तर झरा वाहता असूनही चाक थांबेल.