स्मार्टवॉचला तुमचा आनंद कळतो का? स्ट्रेस स्कोअरच्या आत नेमकं काय चालतं

हल्ली दोन-तीन हजारांच्या घड्याळातही ‘स्ट्रेस’ किंवा ‘मूड’ असा पर्याय दिसतो. बोटाने टॅप केलं की आकडा येतो, सोबत हिरवा किंवा लाल रंग. आणि आपण तो आकडा बघून ठरवतो की आज आपलं बरं चाललंय की वाईट! म्हणून हा आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मी इथे सोप्या भाषेत सांगतो आहे.

घड्याळ खरंच काय मोजतं?

आनंद मोजणारा सेन्सर अजून तरी कुठल्याच घड्याळात नाही. असतात ते हे:

१. हृदयाचे ठोके. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा बघितला असेलच. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, त्यामुळे परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा त्या जागी टॅटू असेल तर इथेच गडबड होते.

२. ठोक्यांमधलं अंतर. याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. मिनिटाला ६० ठोके म्हणजे बरोबर दर सेकंदाला एक ठोका असं नसतं. एक ठोका ०.९५ सेकंदाने पडतो, पुढचा १.०४ सेकंदाने. श्वास घेताना ठोके किंचित वेगाने पडतात, सोडताना हळू. शरीर निवांत असताना हा फरक सहसा जास्त असतो. ताण, ताप, दारू किंवा अपुरी झोप असेल तर कमी होतो. बहुतेक घड्याळांचा स्ट्रेस स्कोअर प्रामुख्याने यावरच उभा असतो.

३. त्वचेवरचा घाम. मन उत्तेजित झालं की त्वचेला किंचित घाम येतो आणि तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरला कळतो. पॉलिग्राफ म्हणजे ‘लाय डिटेक्टर’मध्येही हेच मोजतात. २०२० मध्ये आलेल्या फिटबिट सेन्समध्ये हा सेन्सर होता. त्यासाठी घड्याळावर तळहात ठेवून शांत बसावं लागायचं.

४. त्वचेचं तापमान आणि हालचाल. झोप, आजारपण, व्यायाम यांचा अंदाज बांधायला यांचा उपयोग होतो.

मग घोडं अडतं कुठे?

मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला. त्यात दोन अक्ष आहेत. एक अक्ष सांगतो, शरीर किती जागं आहे: सुस्त की उत्तेजित. दुसरा सांगतो, वाटतंय ते सुखद आहे की त्रासदायक. घड्याळ पहिला अक्ष बऱ्यापैकी पकडतं. दुसऱ्या अक्षावर मात्र ते जवळपास आंधळं असतं.

२९ जून २०२४ ची टी-२० वर्ल्ड कप फायनल आठवा. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. मी सोफ्यावर बसून होतो, जागचा हललोही नव्हतो. आपण ७ धावांनी जिंकल्यावर घड्याळ बघितलं तर स्ट्रेस लाल! शरीराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मॅच जिंकणं आणि निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नसणं, दोन्ही वेळा छाती तशीच धडधडते.

गंमत म्हणजे आपली स्वतःचीही यात फसगत होते. डटन आणि ॲरन या संशोधकांचा १९७४ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅनडात उंच, हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटली आणि तिने आपला फोन नंबर दिला. भक्कम, कमी उंचीच्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा या पुरुषांनी तिला जास्त प्रमाणात फोन केले. संशोधकांचा निष्कर्ष असा, की भीतीची धडधड त्यांना आकर्षण वाटली.

चेहरा वाचून कळेल का?

खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, हे फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १९व्या शतकात दाखवलं. पण माणूस कसनुसं हसतो, रडू दाबून हसतो, सेल्फीसाठीही हसतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. फक्त चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असं त्यातून पुढे आलं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या फेस सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं ठरवलं.

हा आकडा दुसऱ्याच्या हातात गेला तर?

मला खरी काळजी इथे वाटते. २०१५ मध्ये जपानच्या हिताची कंपनीने कर्मचाऱ्यांच्या हालचालींवरून गटाचा आनंद मोजणारं, अंगावर घालायचं उपकरण जाहीर केलं. पण ते बरोबर मोजतंय हे कशावरून ठरवलं? माणसांनी प्रश्नावलीत दिलेल्या उत्तरांवरून! म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. आनंद ओळखणाऱ्या यंत्राला आधी कोणाला तरी ‘तुला कसं वाटतंय?’ हे विचारूनच शिकवावं लागतं.

उद्या बॉस किंवा कॉलेज असा स्कोअर बघून तुमच्याबद्दल मत बनवू लागलं तर? युरोपियन युनियनने २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना सूट आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे, पण अशी वेगळी बंदी नाही. त्यामुळे ‘अलाऊ’ दाबण्याआधी दोन सेकंद थांबा.

मग वापरायचं कसं?

- एका दिवसाचा आकडा सोडून द्या. दोन-तीन आठवड्यांचा कल बघा.
- एचआरव्हीची मित्राशी तुलना करू नका. वय आणि फिटनेसप्रमाणे तो खूप बदलतो.
- आकडा बघण्याआधी स्वतःचा मूड एका शब्दात लिहा. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून मूड नोंदवायची सोय आहे. ती सेन्सरवर न जाता तुम्हालाच विचारते. साधी नोट्स ॲपही चालेल.
- ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हेल्थ डेटा कोणाकोणाला दिलाय ते तपासा. नको ते बंद करा.

आणि एक महत्त्वाचं. घड्याळ हिरवं दाखवतंय, पण दोन आठवडे झाले कशातच मन लागत नाही, झोप उडालीये, असं असेल तर घड्याळाचं ऐकू नका. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.