चेहऱ्यावरून माणूस

आमच्या संघाच्या कचेरीत एकदा एक कंत्राटी कामगार रडवेला होऊन आला. पासावरचा फोटो तुझा नव्हे, असे म्हणून फाटकावरून त्याला परत लावले होते. कावीळ होऊन गडी वाळला होता, एवढाच त्याचा गुन्हा! माणूस आणि छबी एकच, हे ठरवायचे कोणी व कसे, या प्रश्नाच्या मागे आम्ही लागलो ते त्या दिवसापासून.

पॅरिसच्या पोलीस कचेरीत १८७९ साली आल्फोन्स बर्तियों नावाचा एक कारकून लागला. 'उंची मध्यम, चेहरा साधारण' असल्या नोंदी उतरवून तो कंटाळला. त्यांवरून सापडणार कोण? त्याने अंगाची मापे घेतली, आणि ठराविक अंतरावरून एक फोटो समोरून व एक बाजूने काढण्याचा प्रघात पाडला. बाजूने कशासाठी? तर कान दिसावा म्हणून. दाढी वाढते, गाल बसतात. कानाची घडण त्यामानाने टिकते.

पण नुसत्या डोळ्यांवर विसंबले की काय होते, ते लंडनात दिसले. १८९५ च्या डिसेंबरात अडॉल्फ बेक या नॉर्वेजियन गृहस्थाला रस्त्यात एका बाईने अडवले: यानेच माझी घड्याळे व अंगठ्या लांबवल्या! मग एकीमागून एक बायकांनी त्याच्याकडेच बोट दाखवले. १८७७ साली अशाच ठकबाजीबद्दल जॉन स्मिथ नावाच्या इसमास शिक्षा झाली होती; तोच हा, असे पोलिसांनी धरले. तेव्हा आपण पेरू देशात होतो, हे बेकचे म्हणणे न्यायाधीशांनी पुढे येऊच दिले नाही. १८९६ त सात वर्षांची सक्तमजुरी! १८९८ त सरकारला कळून चुकले की स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. तरी सुटका नाही. कैद्याचा नंबर तेवढा बदलला. (दप्तर दुरुस्त झाले, माणूस आतच. हा अनुभव आम्हां कामगारांस नवा नाही.) १९०१ त तो बाहेर आला, १९०४ त पुन्हा दोषी ठरला. तो कोठडीत असतानाच खरा ठक सापडला, म्हणून बेक वाचला. १९०७ साली इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय निघाले, त्यास हे प्रकरण बरेच कारण झाले.

आजचा तपासनीस आधी चित्रच तपासतो. उजेड कसा, कोन कोणता. भिंग फार जवळ असले तर नाक मोठे दिसते. मग कान, नाकपुड्या, ओठ, तीळ, व्रण एकेक करून ताडतो. फरक दिसला तर तो वयाचा, फोटोचा की माणसाचा, हे स्वतःस विचारतो. शेवटी 'हाच तो' असे न लिहिता, पुरावा कितपत भक्कम एवढेच लिहितो. हे सोडले की घात होतो. २०२० च्या जानेवारीत डेट्रॉइटजवळ संगणकाने अंधुक चित्रावरून सुचवलेल्या एका निरपराध माणसाला पोलिसांनी मुलींदेखत बेड्या घातल्या.

आमच्या गड्याच्या डाव्या भुवईखाली तीळ होता. पासावरही होता. साहेबांना भिंगातून दाखवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर घेतले. बुडालेल्या तीन रोजांचा अर्ज अजून त्यांच्या मेजावर आहे.