सीमेवरील शाळा व दुसरी भाषा

नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात मराठी व हिंदी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हा मराठीभाषी मुलूख मात्र मध्यप्रदेशातच राहिला. घरची भाषा एक व शाळेची दुसरी, ही स्थिती तेथील मुलांच्या वाट्यास आली.

लिपी एकच, म्हणून हे अंतर सहसा ध्यानात येत नाही. परंतु मराठी मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ते शिक्षण. ‘चेष्टा’ येथे थट्टा, तेथे प्रयत्न. आपले नपुंसकलिंगी ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते. मूल ‘अच्छा पुस्तक’ म्हणते ते मातृभाषेच्या व्याकरणास धरूनच. अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात व मराठीच्या आधाराने हिंदी शिकवावी, असे आमचे मत आहे.

प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, हे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ चेच. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. सीमा पुन्हा आखता येतात. मुलाच्या जिभेवरून गेलेला ‘ळ’ परत आणणे तितके सोपे नाही.