अमेरिकेतल्या इमर्जन्सी बिलावरचा पाच अंकी कोड: तो दरवर्षी का बदलतो आणि पैसे कसे ठरतात?

तुमचा भाऊ, मैत्रीण किंवा कॉलेजमधलं कोणीतरी आज अमेरिकेत असेलच. कधी आई-बाबा नातवंडांना भेटायला तिकडे जातात. तिथे रात्री-अपरात्री हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं लागलं, तर काही दिवसांनी पेशंट पोर्टलवर बिल येतं. त्यात शब्द कमी आणि आकडे जास्त असतात. ९९२८४ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि समोर डॉलरची रक्कम. हा आकडा म्हणजे नेमकं काय, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

बिलावर कोणते कोड असतात?

मुख्यतः दोन प्रकारचे.

पहिला कोड सांगतो ‘पेशंटला काय झालंय’. याला आयसीडी-१०-सीएम म्हणतात. अमेरिकेत तो १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे. उदाहरणार्थ, यू०७.१ म्हणजे कोविड-१९.

दुसरा कोड सांगतो ‘डॉक्टरांनी काय केलं’. हा सीपीटी कोड. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही यादी १९६६ मध्ये पहिल्यांदा काढली. बहुतेक सीपीटी कोड पाच अंकी असतात.

विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दोन्ही कोड एकत्र वाचतं. आजार आणि उपचार यांचा मेळ बसला तर क्लेम पुढे सरकतो, नाहीतर परत येतो.

कोड दरवर्षी का बदलतात?

फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला अपडेट येतो तसंच समजा. नवीन आजार येतात, नव्या तपासण्या येतात, जुन्या पद्धती बंद पडतात. म्हणून यादी सुधारावी लागते.

• आयसीडी कोडचा मोठा अपडेट १ ऑक्टोबरला लागू होतो, काही बदल १ एप्रिललाही होतात. कोविडचा कोड १ एप्रिल २०२० पासून लागू झाला.
• सीपीटीची नवी आवृत्ती १ जानेवारीला लागू होते.

२०२३ च्या सीपीटी यादीत एकूण ३९३ बदल होते: २२५ नवीन कोड, ७५ रद्द आणि ९३ सुधारित.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या बिलात कोड कोणत्या वर्षाचा लावायचा, हे उपचाराच्या तारखेवर ठरतं, बिल बनवल्याच्या तारखेवर नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला पेशंटला निरीक्षणाखाली ठेवलं, तर त्यासाठी ९९२१८ ते ९९२२० हे वेगळे कोड होते. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०२३ ला, ते रद्द झाले आणि ॲडमिट पेशंटच्या कोडमध्येच मिसळले. जुना कोड चालवून घ्यायला सवलतीचे दिवस मिळत नाहीत.

इमर्जन्सीचे पाच मुख्य कोड

इमर्जन्सीत डॉक्टरांनी तपासलं की ९९२८१ ते ९९२८५ यांपैकी एक कोड लागतो:

• ९९२८१: डॉक्टरांनी स्वतः बघायची गरज नसू शकते
• ९९२८२: अगदी सरळ निर्णय
• ९९२८३: कमी गुंतागुंतीचा निर्णय
• ९९२८४: मध्यम गुंतागुंत
• ९९२८५: जास्त गुंतागुंत

जीव धोक्यात असलेल्या पेशंटसाठी ९९२९१ हा वेगळा कोड आहे. तो मिनिटांवर चालतो: पहिली ३० ते ७४ मिनिटं. वरचे पाच कोड मात्र वेळेवर ठरत नाहीत. म्हणजे वेटिंग रूममध्ये सहा तास बसलात म्हणून डॉक्टरांचा कोड वर चढत नाही.

२०२३ मध्ये नेमकं काय बदललं?

आधी लेव्हल ठरवायला तीन गोष्टी लागायच्या: पेशंटची विचारपूस किती केली, शरीर किती तपासलं आणि निर्णय किती अवघड होता. त्यामुळे साधा घोटा मुरगळला तरी नोंदींची पानंच्या पानं भरली जायची, कारण रकाने भरले नाहीत तर कोड खाली यायचा.

१ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन गोष्टी लेव्हलच्या हिशोबातून काढल्या. डॉक्टर विचारपूस आणि तपासणी करतातच, पण लेव्हल ठरते फक्त निर्णयावर. त्यासाठी तीन प्रश्न:

१. त्रास किती गंभीर किंवा गुंतागुंतीचा होता?
२. किती माहिती तपासली, म्हणजे टेस्ट, जुने रिपोर्ट, इतरांशी चर्चा?
३. उपचारात किंवा पुढच्या निर्णयात धोका किती होता?

तीनपैकी दोन उत्तरं ज्या लेव्हलला बसतात, ती लेव्हल.

समजा, छातीत दुखतंय म्हणून काका इमर्जन्सीत गेले. ईसीजी झाला, रक्त तपासलं, ॲडमिट करायचं का यावर विचार झाला आणि शेवटी निघाली ॲसिडिटी. तरी लेव्हल वरची लागू शकते. कारण निदान साधं निघालं, तरी तिथपर्यंत पोचायला डॉक्टरांना हार्ट अटॅकची शक्यता तपासावी लागली. नियमातच म्हटलंय की शेवटचं निदान एकटं लेव्हल ठरवत नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचा नियम

आजोबांना फक्त मराठी येतं आणि मुलगा त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगतो. याने लेव्हल वाढते का? नाही. निव्वळ भाषांतर यात धरत नाहीत. पण आजोबा गोंधळलेले आहेत, त्यांना नीट सांगता येत नाही आणि मुलाने स्वतःहून माहिती दिली, तर ती ‘तपासलेल्या माहिती’त मोजली जाते. आणि हो, सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलने दुभाषा मोफत द्यायचा असतो. तो मागायला लाजू नका.

पैशांवर किती फरक पडतो?

मेडिकेअर या सरकारी योजनेत प्रत्येक कोडला डॉक्टरांच्या कामाचे गुण असतात. २०२३ च्या यादीत ९९२८३ ला १.६०, ९९२८४ ला २.७४ आणि ९९२८५ ला ४.०० गुण होते. म्हणजे दोन पायऱ्यांमध्ये अडीचपट फरक. खासगी विम्याचे दर वेगळे असतात, पण पायरी चढली की रक्कम चढते.

शिवाय बिलं बऱ्याचदा दोन येतात: एक डॉक्टरांचं, एक हॉस्पिटलचं. हॉस्पिटलही हेच पाच कोड वापरतं, पण त्यासाठी मेडिकेअरने देशभर एकच मोजपट्टी ठरवलेली नाही. प्रत्येक हॉस्पिटलचे निकष स्वतःचे. त्यामुळे एकावर ९९२८३ आणि दुसऱ्यावर ९९२८४ दिसलं तर ती चूकच असेल असं नाही.

पुण्या-मुंबईशी याचा काय संबंध?

अमेरिकेतल्या बिलांचं कोडिंग मोठ्या प्रमाणात भारतात होतं आणि पुणे, मुंबई, नवी मुंबईतही ही कामं चालतात. डॉक्टरांची नोंद वाचून योग्य कोड लावणं, हे मेडिकल कोडरचं काम. लाइफ सायन्स, फार्मसी, नर्सिंग शिकलेली बरीच मुलं यात जातात आणि सीपीसीसारखी परीक्षा देतात. त्यासाठी सेकंडहँड पुस्तक घेत असाल तर कव्हरवरचं वर्ष आधी बघा.

बिल आलं तर काय करायचं?

१. विमा कंपनीकडून येणारा ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ म्हणजे बिल नाही. तो बघून लगेच पैसे भरू नका.
२. हॉस्पिटलकडे आयटमाइज्ड बिल मागा, म्हणजे प्रत्येक कोड वेगळा दिसेल.
३. पोर्टलवरून डॉक्टरांची नोंद डाउनलोड करा. स्वतःची कागदपत्रं मिळणं हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे. बिलातली टेस्ट नोंदीत आहे का, ते जुळवा.
४. लेव्हल पटत नसेल तर ‘कोडिंग रिव्ह्यू’ची लेखी विनंती करा.
५. ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं. त्याचा फॉर्म मागा.

विमा असेल तर आणखी एक कवच आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’नुसार, इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तरी जास्तीची रक्कम पेशंटवर टाकता येत नाही. रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स यात येत नाही. आई-बाबांसाठी काढलेल्या व्हिजिटर इन्शुरन्सलाही हे संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून पॉलिसी निघण्याआधीच वाचा.

बिलाच्या भीतीने इमर्जन्सी टाळायची का?

अजिबात नाही. १९८६ च्या कायद्यानुसार, मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीने पैसे किंवा विमा न बघता आधी पेशंटला तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची असते. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, तर आधी जा. कोड नंतर तपासता येतो आणि त्याच्यावर दादही मागता येते.

तिकडे कोणी असेल, किंवा आई-बाबांचं तिकीट निघालं असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवून ठेवा. प्रश्न असतील तर नक्की विचारा!