दिल्ली: सात दिवस, एक एक्सेल आणि एक छत

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन दिल्लीला जायचं ठरलंय. चांगलं आठवडाभर. आमच्या धंद्यात आठवडा म्हटलं की हात आपोआप एक्सेलकडे जातो, त्यामुळे गेल्या वीकांताला मी एक झकास शीट बनवली. वार, ठिकाण, जवळचं मेट्रो स्टेशन, कुठल्या वारी बंद (लाल किल्ला सोमवारी बंद असतो, आत्ताच सांगून ठेवतो), आईच्या गुडघ्यांसाठी अंदाजे पायऱ्या... सगळे रकाने. जवळजवळची ठिकाणं एका दिवसात बसवलेली, कमीत कमी फिरणं. आपण खूष.

बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "यात हुमायून आधी मेलाय आणि कुतुबुद्दीन नंतर आलाय."

बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यांचं म्हणणं, दिल्ली अंतराप्रमाणे बघायची नसते, काळाप्रमाणे बघायची. मी म्हटलं, बाबा, सगळा दिवस टॅक्सीत जाईल. मग वाद नको म्हणून नकाशा उघडला आणि गंमत म्हणजे त्यांचंच बरोबर निघालं. बहुतेक जुन्या शहरांत नवी वस्ती जुन्या वस्तीच्या डोक्यावर बसते. दिल्लीत ज्याला त्याला आपली राजधानी शेजारच्या मोकळ्या जागेवर बांधायची हौस. दक्षिणेला मेहरौली, तिथून जरा वर अल्लाउद्दीन खिलजीची सिरी, पूर्वेला तुघलकाबाद, मग यमुनेच्या काठाने वर सरकत फिरोजशहा कोटला आणि त्याच्या उत्तरेला शहाजहानचं शाहजहानाबाद. इंग्रजांनी शेवटी पुन्हा खाली येऊन मधली जागा पकडली. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं की साधारण काळही पुढे सरकतो. शीट नव्याने बनवली.

ती पाहून बाबांनी दुसरा प्रश्न टाकला. "बरं, आणि यात आपलं काय आहे?"

आपलं म्हणजे मराठ्यांचं. "दिल्लीचेही तख्त राखितो" हे आपण उठताबसता म्हणतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात छाती फुगवून गातो. तर मग सात दिवसांत ते राखलेलं तख्त, ते राखणारे लोक, त्यांच्या खुणा कुठे दिसणार? मी "हो हो, टाकतो ना" म्हणालो आणि रात्री दोनपर्यंत शोधत बसलो. त्या रात्रीची ही फलश्रुती.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण मलाही तो होता. शिवाजी महाराज औरंगजेबाला भेटले ते दिल्लीत नव्हे, आग्र्यात, १६६६ साली. तेव्हा लाल किल्ल्यात "महाराज कुठे उभे होते?" असं गाइडला विचारू नका. (काही गाइड सांगतीलही!)

पहिला दिवस, रविवार, मेहरौली. कुतुबमिनार ७२.५ मीटर, लोहस्तंभ वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथेच एक ओबडधोबड, अर्धवट सोडलेला बुंधा आहे, अलाई मिनार. कुतुबमिनारच्या दुप्पट उंच करायचा म्हणून अल्लाउद्दीनने काढलेला आणि पहिल्या मजल्यावरच राहिलेला. हा अल्लाउद्दीन १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला होता, तेव्हा तो सुलतान नव्हता, सुलतानाचा पुतण्या होता. रामदेवराय यादवाकडून उचललेल्या लुटीच्या जोरावर त्याने सरदार फोडले, चुलत्याला मारलं आणि तख्त मिळवलं. म्हणजे आपल्याकडच्या माणसांआधी आपल्याकडचा पैसा दिल्लीत पोचला होता.

सोमवारी तुघलकाबाद आणि हुमायूनची कबर. तुघलकाबाद बांधलं गियासुद्दीनने. त्याचा मुलगा महंमद तुघलक म्हणजे १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवून तिचं दौलताबाद करणारा तोच. शाळेत हे "वेड्या महंमदाचे प्रयोग" म्हणून शिकवत. बाबा म्हणाले, मीही तसंच शिकवलं, आता तसं शिकवणार नाही. दक्षिणेपर्यंत पसरलेलं राज्य दिल्लीतून सांभाळणं कठीण, म्हणून मध्याजवळ जावं, हा विचार वेडेपणाचा नव्हता. अख्खी दिल्ली ओस पडली वगैरे वर्णनं इब्न बतूताने रंगवलीत, पण तो दिल्लीत आला १३३४ साली, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. चुकली ती अंमलबजावणी. सगळ्या सिस्टिमचं एका झटक्यात मायग्रेशन केलं की काय होतं हे मी स्वतः दोनदा भोगलंय :-) असो.

मंगळवार, लाल किल्ला. इथे मात्र जरा थांबायला हवं.

किल्ल्याचा पाया १६३९ चा, बांधून झाला १६४८ ला. आत दिवाण-ए-खास म्हणून संगमरवरी दालन आहे, मयूरासन इथलंच. ते १७३९ मध्ये नादिरशहा घेऊन गेला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७३७ मध्ये, पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन तालकटोऱ्यापाशी मोगल फौजेला तडाखा देऊन परत फिरला होता. शहर जाळायचं मनात होतं, पण पातशाही मोडण्यात फायदा नाही असा विचार करून सोडलं, अशा अर्थाचं त्याने चिमाजीअप्पाला लिहिलंय. (त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये २०२५ साली अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. वाद तिथेही झाले असणारच, आपल्याशिवाय ते होत नाहीत.)

तर दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघायचं. रंगवलेलं लाकडी छत दिसतं. ते मूळचं नाही, १९११ चं आहे. मूळ छत चांदीने मढवलेलं होतं. मग ती चांदी गेली कुठे?

सदाशिवरावभाऊ ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीत शिरला, किल्ला घेतला. पलीकडे अब्दाली, मध्ये पावसाळ्याने फुगलेली यमुना. ना इकडचे तिकडे जाऊ शकत, ना तिकडचे इकडे. एवढी फौज, त्याहून मोठं बिनलढाऊ लटांबर, यात्रेकरू, बायकामुलं, आणि खजिना रिकामा. पुण्याहून पैसा येईना, उत्तरेतला वसूल होईना. तेव्हा भाऊने दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवली आणि रुपये पाडले. नऊ लाखांच्या आसपास निघाले असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. कोणी जास्त सांगतात. आकडा कुठलाही धरा, फौजेला महिनाभर पुरण्याइतकाही तो नसावा. सूरजमल जाट याच सुमारास छावणी सोडून निघून गेला, त्याच्या नाराजीच्या कारणांत हे छतही मोजतात. भाऊ ऑक्टोबरात कुंजपुऱ्याकडे निघाला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आपली खूण काय, तर तिथे जे नाही ते?"

मी गप्प. बाबा म्हणाले, "अगं, उपासमार होती." आई म्हणाली, "नादिरशहाकडेही काहीतरी कारण असेलच की."

नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली, भाऊने केली नाही. हा फरक लहान नाही आणि तो मी आईला सांगितलाही. पण तिचं म्हणणं मनातून जाईना. कारण दुसरी बाजू, जी सांगायला हवी आणि कोणी फारशी सांगत नाही, ती दिल्लीत दिसतच नाही.

ती अशी. पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंदे आणि बाकीचे सरदार पुन्हा दिल्लीत होते. अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाने राहणाऱ्या शाह आलम बादशहाला त्यांनी आणून जानेवारी १७७२ मध्ये त्याच्या स्वतःच्या राजधानीत बसवलं. मग थोरले माधवराव गेले, नारायणरावाचा खून झाला, मराठे मागे फिरले. १७८४ मध्ये महादजी परत आला आणि पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद मिळवलं, म्हणजे बादशहाच्या नावाने सगळा कारभार. १७८७ मध्ये पुन्हा पकड सुटली आणि त्या फटीत गुलाम कादिर रोहिला किल्ल्यात घुसला. ऑगस्ट १७८८ मध्ये, याच लाल किल्ल्यात, त्याने म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. शहजादे-शहजाद्यांचे हाल केले, खजिन्यासाठी फरशा उखडल्या. ऑक्टोबरात महादजीच्या फौजेने शहर परत घेतलं. त्या फौजेचा एक म्होरक्या होता राणेखान. पानिपतावर पायाला जखम होऊन पडलेल्या महादजीला बैलावर घालून ज्या भिश्त्याने वाचवल्याचं सांगतात, तोच राणेखान. महादजी त्याला भाऊ मानायचा. आंधळा बादशहा पुन्हा तख्तावर बसला आणि पुढची पंधरा वर्षं दिल्ली शिंद्यांच्या ताब्यात राहिली.

पंधरा वर्षं! एवढ्या काळात शहाजहानने अख्खा किल्ला बांधून वर जामा मशिदीचं कामही काढलं होतं. मराठ्यांचं म्हणून दाखवावं असं त्या वर्षांतलं काही मला शीटमध्ये घालता आलं नाही. माझं मत विचाराल तर ते स्वाभाविक होतं. त्यांनी राज्य घेतलं नाही, राज्याचा कारभार घेतला. तख्त दुसऱ्याचं, शिक्का दुसऱ्याचा; आपला माणूस दरवाज्यावर. सगळा पैसा पलटणींवर जायचा. भाड्याच्या घरात कोणी गच्चीवर मजला चढवत नाही. महादजी स्वतः १७९४ मध्ये गेला तो पुण्यात, वानवडीला. शिंदे छत्री आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे आणि मी तिथे फक्त एका लग्नाचे फोटो काढायला गेलोय.

दिल्लीजवळ एक खूण मात्र सापडली, पण ती हरल्याची. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या बाजूला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवलं. फौजेचा सेनापती लुई बुर्किन नावाचा फ्रेंच. शिंद्यांच्या कवायती पलटणी सगळ्या युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ऐन वेळी त्यातले बरेच इंग्रजांकडे गेले किंवा घरी. (मुख्य काम कन्सल्टंटवर सोडू नये, हे आमच्या मॅनेजरना सांगून बघा.) लेकने पाच दिवसांनी शाह आलमची भेट घेतली आणि आंधळा बादशहा एका पहारेकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेला. आणखी आठवड्याने जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने दुसरा घाव घातला. वर्षाच्या अखेरीला सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्लीवर पाणी सोडावं लागलं. इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून घेतली असं आपण सर्रास म्हणतो. घेतली ती मराठ्यांकडून.

त्या लढाईची आठवण म्हणून १९१६ मध्ये इंग्रजांनी उभारलेलं स्मारक आजही आहे. कुठे? नॉयडात, सेक्टर ३८, गोल्फ कोर्सच्या आत! मी एका प्रोजेक्टसाठी पाच महिने नॉयडात होतो. रोज मेट्रोने "गोल्फ कोर्स" स्टेशनवरून जायचो, कानात हेडफोन. शिंद्यांची दिल्ली जिथे गेली तिथून मी सकाळ-संध्याकाळ ये-जा करत होतो आणि मला फक्त कॅन्टीनचे राजमा-चावल आठवतात.

राहिलेले दिवस थोडक्यात. बुधवारी पानिपत, दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटर, सकाळी गाडी करून काला आमच्या स्मारकापर्यंत जायचं. बाबांनी तीस वर्षं वर्गात फळ्यावर ज्या लढाईचा नकाशा काढला ती जागा त्यांनी एकदाही पाहिलेली नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, शीटमध्ये "पानिपत?" असं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, ते त्यांनी खोडलं तेव्हा कळलं. गुरुवारी नवी दिल्ली, ल्युटेन्स आणि बेकर यांची, १९३१ मध्ये उद्घाटन झालेली. संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यावर कव्वाली. कनॉट प्लेसजवळ रेल्वेचा मिंटो ब्रिज आहे, त्याचं सरकारी नाव शिवाजी ब्रिज. लोक मिंटोच म्हणतात. शुक्रवार चांदनी चौक, आईचा हक्काचा दिवस, त्यात इतिहास घुसवायचा नाही असं लेखी ठरलंय.

शनिवारी दुपारची गाडी. सकाळ मोकळी होती, तिथे मी गोल्फ कोर्स लिहिलं होतं. पण ती तिकीट काढून सरळ शिरायची जागा नाही, आधी परवानगीचं बघावं लागेल. बाबांनी ते खोडून पुन्हा "मेहरौली" लिहिलं. मी म्हटलं, अहो बाबा, मेहरौली पहिल्याच दिवशी झाली की.

"शाह आलमची कबर तिथेच आहे," ते म्हणाले. बख्तियार काकीच्या दर्ग्याला लागून, जफर महालाच्या बाजूला, छोट्या मोती मशिदीच्या आवारात. शेजारी एक जागा रिकामी आहे, ती नातवाने, बहादुरशहा जफरने, स्वतःसाठी ठेवली होती. तो गेला रंगूनला. "ज्याला आपण राखलं म्हणतो, त्याला निदान बघून येऊ."

आईने विचारलं, "तिथे पायऱ्या किती?"

तो रकाना अजून रिकामा आहे. कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कळवा.